एकच प्याला? प्रभुभोजनावरच्या माझ्याच एका वाक्याची झाडाझडती



पीएच.डी.ला प्रवेश घेण्याच्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात, "चिकित्सक वाचन म्हणजे नेमकं काय करायचं?" दुसऱ्याच्या पुस्तकावर टीका करून दाखवणं सोपं असतं, म्हणून आज माझ्याच मसुद्यातलं एक वाक्य घेतो. धाराशिव जिल्ह्यातल्या एका मेथडिस्ट मंडळीच्या उपासनेवर मी प्रकरण लिहीत होतो. त्यात हे वाक्य होतं: "प्रभुभोजनात सगळे एकाच प्याल्यातून पितात, त्यामुळे जातीची उतरंड त्या क्षणापुरती तरी मोडून पडते."

गाइड मॅडमनी समासात लाल पेनाने एकच शब्द लिहून पाठवला. "कशावरून?"

मला आधी राग आला. मग क्षेत्रकार्याची वही उघडली, आणि घाम फुटला. तोपर्यंत मी चार वेळा प्रभुभोजनाच्या रविवारी तिथे हजर होतो. चारही नोंदींत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: स्टीलचा ट्रे, त्यात छोटे छोटे ग्लास, अंगठ्याएवढे. म्हणजे मोठा प्याला तिथे नव्हताच. तो मी कुठल्याशा लेखातून उचलून मराठवाड्यात आणून ठेवला होता! डोळ्यांनी ग्लास पाहिले आणि हाताने प्याला लिहिला.

हे कसं होतं ते समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण तुमच्याही बाबतीत होणार आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो, फार नाही. अमेरिकन मेथडिस्ट मिशन भारतात १८५६ साली आलं, ते उत्तरेत, बरेलीकडे. आपल्या भागाशी संबंध येतो तो विल्यम टेलर यांच्या मुंबईतल्या १८७१-७२ च्या कामापासून. मुंबईत आयुष्य घालवलेले जॉर्ज बोवेन, मूळचे अमेरिकन मराठी मिशनचे, तेही पुढे मेथडिस्टांना मिळाले. धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथला ख्रिस्ती इतिहास नगर-सोलापूरच्या मिशनपेक्षा बीदर, विकाराबाद या मेथडिस्ट कामाच्या बाजूला जास्त जुळतो. १९७० साली उत्तर भारतातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आल्या, तेव्हा मेथडिस्ट शेवटच्या टप्प्यात बाहेर राहिले. १९८१ पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया ही स्वतंत्र संस्था आहे. एवढं यासाठी सांगितलं की शेजारच्या सोलापुरातल्या चर्चबद्दल वाचलेलं इथे जसंच्या तसं लावता येत नाही. मी नेमकं तेच करत होतो.

आता प्याल्याकडे येऊ. (गडकऱ्यांचा नव्हे. पण योगायोग असा की दारूचा प्रश्न इथेही आहेच.)

मेथडिस्ट परंपरेत दारूबंदीचा जोर मोठा. अमेरिकेत १८६९ साली थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षरस तापवून, तो आंबू न देता बाटलीत टिकवण्याची रीत काढली. हेतू हाच, की प्रभुभोजनात वाइन नको. पुढे तो रस बाजारात गेला आणि कंपनी झाली, ती गोष्ट वेगळी. मी पाहिलेल्या मंडळीत रस घरीच होतो. काळ्या मनुका आदल्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून उकळायच्या आणि मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. हे काम ठरलेल्या दोन घरांकडे आहे, आणि ते आपल्याकडे असणं हा मानाचा भाग आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात यातलं काहीही नव्हतं, कारण मी वेदीजवळ जे होतं तेवढ्यालाच 'विधी' समजत होतो. विधी शनिवारी रात्री पातेल्यात सुरू होतो हे मला उशिरा कळलं.

छोट्या ग्लासांचा उगमही अमेरिकेतलाच. १८९० च्या दशकात जंतूंबद्दलचं नवं ज्ञान शहरांत पसरलं, एकाच प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावायचे याची लोकांना धास्ती वाटू लागली, आणि प्रत्येकाला वेगळा ग्लास आला. काही इतिहासकारांचा संशय असा की भीती फक्त जंतूंची नव्हती, शेजारी कोण उभं आहे याचीही होती. स्थलांतरित, कृष्णवर्णीय, गरीब.

हा ग्लास मराठवाड्यात आला की त्याचा अर्थ बदलतो. कारण इथे वेगळ्या कपाचा स्वतःचा इतिहास आहे. मंडळीतले एक काका, वय सत्तरच्या पुढे, मला म्हणाले, "हाटेलात आमचा कप निराळा राहायचा. बाहेर वळचणीला उपडा ठेवलेला. आपणच घ्यायचा, आपणच इसळायचा." मी लगेच विचारलं, "मग चर्चमधले हे वेगळे ग्लास पाहून तुम्हाला काय वाटतं?" (असा प्रश्न विचारू नका. यात उत्तर आधीच भरलेलं आहे.) काका जरा थांबले आणि म्हणाले, "काय वाटायचंय? हितं समद्यांचाच निराळा हाय."

हे उत्तर मला माझ्या सिद्धान्तापेक्षा भारी वाटतं. एक प्याला सगळ्यांना जोडतो, हे पुस्तकातलं प्रतीक. इथे समता आली आहे ती सगळ्यांचा कप सारखाच वेगळा असल्यामुळे. आता हे काकांचं खरं मत की माझ्या प्रश्नाला दिलेलं झटपट उत्तर, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. म्हणून प्रकरणात ते 'निष्कर्ष' या मथळ्याखाली गेलेलं नाही.

महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसाबरोबर पेय पिणं यावर केवढं रण माजलं होतं ते आठवा. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा झाला, हजर असलेल्यांची नावं गोपाळराव जोशींनी छापून आणली, आणि न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशा लोकांवर ग्रामण्याचा बडगा आला. चहाच्या एका कपासाठी पुढे प्रायश्चित्तं झाली. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही लक्ष्मीबाईंनी कितीतरी काळ सोवळं सांभाळलं, आणि ते कसं गळून पडलं हे 'स्मृतिचित्रे'त त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. पण या दोन्ही गोष्टी ब्राह्मण घरांतल्या आहेत. आपण मराठीत ख्रिस्ती धर्म आणि खाणंपिणं म्हटलं की पहिल्यांदा यांचंच उदाहरण देतो, मीही दिलं होतं. तिथे प्रश्न होता वरून खाली उतरून कप हातात घेण्याचा. धाराशिवच्या मंडळीत बहुतेक घरं मांग आणि महार समाजातून आलेली आहेत. त्यांना बाटण्याची भीती कुणाच्या कपाची? हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो या दोन समाजांमध्येही विचारावा लागतो. आपल्या भाषेत रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार अशी जोडी आहे. परक्या सिद्धान्तांपेक्षा इथे ती जास्त कामाची. वेदीजवळ रोटीव्यवहार आहे, तो मी पाहिला. बेटीव्यवहाराचं काय, हे विचारल्यावर एका मावशींनी चहाचा कप पुढे सरकवत विषय बदलला. तेही मी वहीत लिहून ठेवलं आहे.

भाकरीबद्दल जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण मला यात सगळ्यात जास्त रस वाटला.

मराठी प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ब्रेडसाठी शब्द आहे 'भाकर'. प्रभूच्या प्रार्थनेत रोजची मागायची ती भाकर, येशू स्वतःला म्हणवतो ती जीवनाची भाकर. पुण्यामुंबईच्या वाचकाला हा शब्द जुनाट, पुस्तकी वाटत असेल. धाराशिवात तो तसा नाही. हा ज्वारीचा पट्टा आहे. इथे घराघरांत 'भाकर' हाच बोलीतला शब्द आहे, 'भाकरी' म्हणणारा बाहेरचा समजावा. म्हणजे पाळकसाहेब जेव्हा हात वर करून भाकर हा शब्द उच्चारतात तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तवा, परात आणि पीठ मळणारी आई येते. आणि पाळकसाहेबांच्या हातात असतो बेकरीचा पाव.

शब्द ज्वारीचा, वस्तू मैद्याची. विधीच्या ऐन मध्यावर ही फट आहे.

पाव ही काही साधी वस्तू नाही. पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, ही वसई-गोव्याकडची गोष्ट महाराष्ट्रभर ऐकायला मिळते. ती घडली की नाही हा इतिहासाचा प्रश्न, पण 'पाव खाऊन बाटला' हा टोमणा त्यातूनच चालत आला. तेव्हा पाव हातात घेणं ही सांस्कृतिकदृष्ट्या निर्दोष कृती नव्हे. मग ज्वारीची भाकर का नाही वापरत? रोमन कॅथलिक चर्चच्या कायद्यात गव्हाचीच रोटी आणि द्राक्षाचीच वाइन असं स्पष्ट बंधन आहे. मेथडिस्टांकडे धान्याबाबत तसा कडक नियम नाही. उलट योहानाच्या सहाव्या अध्यायात, जिथे जीवनाच्या भाकरीचं सगळं बोलणं येतं, तिथे त्याच्या आधी एका पोराकडच्या पाच भाकरींनी लोकांना जेवू घातलं आहे, आणि त्या जवाच्या आहेत. जव म्हणजे त्या मुलखातलं गरिबाचं धान्य. आपल्याकडची ज्वारीच म्हणा.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने मंडळीतल्या एका आजींना सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. आजी म्हणाल्या, "लेकरा, भाकर तर रोजच खातो की. देवाच्या घरी बी भाकरच?"

इथे माझ्यासारख्या शहरी संशोधकाची गोची होते. 'स्थानिक प्रतीकं वापरा' हा आग्रह बहुतेक वेळा शिकलेल्यांचा असतो. आजींच्या लहानपणी पाव म्हणजे आजारी पडल्यावर मिळणारी किंवा तालुक्याच्या गावाहून आणलेली चीज. त्यांच्यासाठी तो परकेपणाच सणाचा आहे. मी ज्याला फट म्हणतो ती त्यांना फट वाटत नाही. तरी मी माझं निरीक्षण मागे घेणार नाही, कारण मंडळीतल्या कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलांनी आपणहून हाच प्रश्न पाळकसाहेबांना विचारलेला मी ऐकला आहे. पण प्रकरणात आता दोन्ही बाजू आहेत आणि आजींची बाजू पहिली आहे.

मेथडिस्ट पद्धतीत लोक कठड्याजवळ येऊन गुडघे टेकतात, एका वेळी दहा-बाराजण. मी वहीत येणाऱ्यांची मोजणी करत होतो. तिसऱ्या खेपेला लक्षात आलं की जागेवरून न उठणारे मोजले पाहिजेत.

जे. वास्कम पिकेट यांचं १९३३ सालचं 'ख्रिश्चन मास मूव्हमेंट्स इन इंडिया' हे पुस्तक या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाला वाचावं लागतं. पिकेट स्वतः मेथडिस्ट, पुढे मुंबईचे बिशप झाले, डॉ. आंबेडकरांशी त्यांचा संपर्क होता. हैदराबाद संस्थानातलं विकाराबाद त्यांच्या पाहणीत आहे. प्रार्थना पाठ आहेत का, उपासनेला येतात का, ताईत-गंडे सुटले का, असं एकेक मोजून धर्मांतरितांची 'प्रगती' त्यांनी मांडली. त्या काळात एवढी कष्टाची क्षेत्रपाहणी फार कुणी केली नव्हती, हे आधी मान्य करायला हवं. दोष असा, की अशा तक्त्यात न येणारा माणूस कायम कमी गुणांचा ठरतो. तो का आला नाही, याला रकानाच नसतो. दलित धर्मशास्त्राच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी, अरविंद निर्मळ यांच्या १९८१ च्या व्याख्यानापासून पुढे, या नजरेवर नीट बोट ठेवलं. मात्र त्या परंपरेतल्या माझ्यासारख्या उत्साही विद्यार्थ्यांना टेबलाशी आलेल्या माणसांतच मुक्ती दिसते. न उठलेला माणूस दोन्हीकडे गायबच राहतो.

मला दिसलेले न उठणारे असे. एक गृहस्थ, ज्यांचं चुलतभावाशी बांधावरून भांडण चालू आहे आणि चुलतभाऊ पलीकडच्या बाकावर बसतो. विधीच्या सुरुवातीला जे निमंत्रण वाचलं जातं त्यात पश्चात्तापाबरोबर शेजाऱ्याशी प्रेमाने असण्याची अट आहे. गृहस्थांनी ती शब्दशः घेतली होती. एक सूनबाई, सासर तुळजापूरला नवरात्रात जाणारं. त्या तिथे जाऊन आल्या होत्या आणि आता इथे पुढे जावं की नाही कळत नव्हतं. तिसरा, दारू पिणारा एक तरुण. तिघांनीही मला कारण म्हणून पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय सांगितला, की अयोग्य रीतीने खाल्लं तर दंड होतो.

या ठिकाणी मूळ संदर्भ उघडून बघा. करिंथमध्ये तक्रार काय होती? खाऊनपिऊन सुखी असलेले आधी जेवून मोकळे होत, आणि ज्यांच्याकडे नाही ते उपाशी राहत. पौलाचा संताप या पंक्तिभेदावर आहे. वाक्याचा प्रवास बघा: पंगतीतल्या अन्यायावर केलेली टीका, शतकांनंतर, एका सुनेला जागेवर बसवून ठेवते. जॉन वेस्लींना हा अडसर माहीत होता. १७८७ साली छापलेल्या, वारंवार प्रभुभोजन घेण्याच्या कर्तव्यावरच्या प्रवचनात त्यांनी 'मी लायक नाही' हा आक्षेप मुद्दाम घेऊन खोडला आहे. प्रभुभोजन माणसाचं मन पालटवणारं साधन आहे, लायक ठरल्यावर मिळणारं बक्षीस नव्हे, अशी त्यांची धारणा. म्हणजे संस्थापकाच्या मते त्या तरुणाने तर आधी उठायला हवं होतं. मी हे पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "वेस्लींचं बरोबर आहे. पण गाव बघतं ना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि दर रविवारी का नाही? भाकर आणि प्याल्यावरची प्रार्थना दीक्षित पाळकानेच करायची असते. एका पाळकाकडे अनेक गावं. उपदेशक उपासना चालवू शकतो, प्रभुभोजन नाही. वेस्लींच्या काळात अमेरिकेत हीच अडचण होती आणि त्यांनी १७८४ मध्ये स्वतःच दीक्षा देऊन ती सोडवली, आपल्या चर्चचा रोष ओढवून. धाराशिवच्या वस्तीवरची मंडळी मात्र एसटीच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे.

शेवटचा मुद्दा पद्धतीचा आहे आणि खरं तर यामुळेच मला हे लिहावंसं वाटलं. न उठणाऱ्यांत चौथा एक जण होता. नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारा. तो दर रविवारी येतो, गातो, पण पुढे जात नाही आणि नोंदवहीत नाव लावत नाही. कारण तुम्हाला कळलं असेल. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार ख्रिस्ती झालेल्या माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये खुला झाला, ख्रिस्ती आणि मुस्लिमांना आजही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सी. सेल्वरानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा दावा फेटाळला, तेव्हा तिचा बाप्तिस्मा आणि नियमित चर्चला जाणं हे मुद्दे निकालात होते. आपल्याकडे जात पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी येऊन चौकशी करतं, हे तुम्हाला माहीत आहेच.

आता विचार करा, की अमुक रविवारी, अमुक गावात, अमुक नावाचा माणूस कठड्याजवळ गुडघे टेकून होता, अशी तारीखवार नोंद कुणाकडे आहे? माझ्याकडे. संमतीपत्रावर सही घेतली म्हणून हा प्रश्न सुटत नाही, उलट सहीचा कागद हा आणखी एक पुरावा. दोन फोटोही होते माझ्याकडे, पाठमोरे, पण गावातल्या कुणीही ओळखले असते.

फोटो काढून टाकले. वहीतली नावं आकड्यांत बदलली आणि आकड्यांची किल्ली विद्यापीठात न ठेवता वेगळ्या ठिकाणी ठेवली. गावाचं नाव प्रबंधात येणार नाही, इथेही येणार नाही. या लेखातल्या माणसांचे काही तपशील मी मुद्दाम इकडचे तिकडे केले आहेत. यामुळे प्रबंध थोडा कच्चा होतो. परीक्षक विचारतील, पडताळणी कशी करायची? विचारू देत.

नवा मसुदा मागच्या आठवड्यात पाठवला. प्याला गेला, ग्लास आले, मनुका आल्या. 'जातीची उतरंड मोडते' ऐवजी आता मी लिहिलंय की कोण कुणाशेजारी गुडघे टेकतं हे चारपैकी तीन वेळा घरभावकीनुसारच ठरत होतं. मॅडमकडून तो काल परत आला. "कशावरून?" आहेच, या वेळी पाळकसाहेबांच्या 'गाव बघतं' या वाक्यासमोर. कुठलं गाव, असं खाली लिहिलंय: चर्चमधलं की बाहेरचं? पुढच्या महिन्यात जाईन तेव्हा विचारतो.